अकराशे सत्तेचाळीस

प्रस्ताव मीच लिहिला होता. बावीस पानं,
त्यात 'वारसा' हा शब्द एक्केचाळीस वेळा.
शेवटची वाघीण कोळसा भरून गेली
त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती,
आणि सिलेशियातल्या आमच्या गावात
लाल विटांच्या चाळींवर कबुतरं तेवढी उरली होती,
आणि ती पाळणारे म्हातारे.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
आम्ही तो उगाळून विकायला काढला:
काळा साबण, काळं आइस्क्रीम,
तासाला एक फेरी, मुलांना अर्धं तिकीट.

एवाल्डमामा पहिला वाटाड्या.
मुलाखतीत मी रीतसर विचारलं, अनुभव?
तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.
एकोणतीस वर्षं, म्हणाला,
पण तेव्हा वर आल्यावर कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

कपडे बदलायचं दालन पाहुण्यांना फार आवडतं.
छतापासून साखळ्या, साखळ्यांना आकडे,
आकड्यांना सदरे, विजारी, एक मफलर,
उंच ओढून ठेवलेले, कोरडे राहावेत म्हणून.
लोक माना वर करून फोटो काढतात.
मामा सांगतो, डावीकडचा तो कोट माझा,
खिशात अजून अर्धा पाव असेल.
साखळी सैल करून अजून कोणी पाहिलेलं नाही.

खाली, एकशे सत्तर मीटरवर, तो दिवे घालवतो.
'संपूर्ण अंधाराचा अनुभव, एक मिनिट',
पान नववं.
त्या मिनिटात त्याला खोकला येतो,
नेमका तिथंच. लोकांना वाटतं, बसवलेला आहे.
अभिप्रायाच्या वहीत एकीनं लिहिलंय:
खोकला अगदी खऱ्यासारखा.

बिल्ल्यांची कल्पनाही माझीच.
पितळी, गोल, वर भोक, मध्ये नंबर.
पूर्वी उतरताना प्रत्येकजण आपला बिल्ला न्यायचा,
वर आला की फळ्यावर टांगायचा.
पाळी संपल्यावर जो खिळा रिकामा, तो माणूस खाली.
आता दुकानातलं यंत्र ठोकून देतं, येईल तो नंबर,
बारा झ्वॉटी, घरी न्यायला.

मार्चमधल्या एका मंगळवारी
अनुदानवाल्यांसाठी डोकी मोजायला मी फेरीबरोबर उतरले होते.
एका पोराच्या गळ्यात अकराशे सत्तेचाळीस.
मला तो चार आकड्यांचा एक नंबर, बस.
मामा पंपाबद्दल सांगत होता,
वाक्य त्यानं अर्ध्यात ठेवलं
आणि ते पुढं कोणी मागितलंही नाही.

हे सगळं नंतर कळलं, मामीकडून, बटाटे सोलता सोलता:
तो नंबर तेओफिलचा.
दालनात मामाच्या शेजारची साखळी त्याची.
छत बसलं तेव्हा मामा
पाणी प्यायला चाळीस पावलं मागं आला होता.
अकरा दिवस उकरलं, मग भिंत घातली.
खिळा मात्र कोणाला दिला नाही, खाण बंद होईतो.
आणि मामी म्हणाली, साल काढ जरा पातळ.

वर निघताना मामा रोजच माणसं मोजतो,
पिंजऱ्याच्या दारात, एक, दोन, तीन, बोटानं.
त्या दिवशी पोरापाशी बोट थांबलं.
त्याच्या खांद्यावर हात ठेवून
तो जुन्या आवाजात, कारकुनाला ऐकू जाईल असा, म्हणाला:
अकराशे सत्तेचाळीस. वर.

माझं नाव ब्रूनो आहे, पोर म्हणालं.
बरं, मामा म्हणाला. ब्रूनोसुद्धा वर.

आठवड्यानं मी धीर करून विचारलं,
यंत्रातून तो नंबर काढून टाकू का?
मामा शिरस्त्राणाचा पट्टा ओढून बघत होता.
कशाला, म्हणाला. येऊ दे की त्याला अधूनमधून.
मग जरा थांबून:
बारा फार होतात पण. त्याचे दहा लाव.

बाहेर दोनची फेरी रांगेत उभी होती,
छत्र्या मिटत, सुटे पैसे शोधत.